डाळीच्या डब्यातली बँक

"आता काय, सगळ्यांचीच बँकेत खाती आहेत," हे वाक्य हल्ली फार ऐकू येतं. खरं आहे म्हणा. ऑगस्ट २०१४ मध्ये जनधन योजना सुरू झाली, आणि आज ५० कोटींच्या वर खाती आहेत, त्यातली निम्म्याहून जास्त बायकांच्या नावावर. ही काही छोटी गोष्ट नाही. पण जागतिक बँकेच्या २०२१ च्या पाहणीत भारतातल्या ३५ टक्के खातेदारांनी वर्षभरात खात्यात ना पैसे भरले होते, ना काढले होते.

असं का? लगेच उत्तर येतं, अडाणीपणा. मला नाही पटत. भाजीवाली बाई टक्क्यांचा हिशेब तोंडी करते. तिच्या हातात पैसा येतो तो रोज, पन्नास-शंभर करत. बँकेत जायचं तर धंद्याचा अर्धा दिवस बुडतो. साठवायचे शंभर आणि बुडवायचे तीनशे! त्यापेक्षा भिशी बरी.

ज्यांना हे कळलं त्यांनी बँकच दारात नेली. पुढे सिंडिकेट बँक झालेल्या उडुपीच्या बँकेनं १९२८ मध्येच पिग्मी सुरू केली, रोज दोन आणेसुद्धा घरी येऊन नेत. आपल्याकडे म्हसवडला चेतना सिन्हांनी १९९७ मध्ये माणदेशी महिला बँक काढली. आधीचा अर्ज रिझर्व्ह बँकेनं नाकारला होता, कारण काय तर बायका निरक्षर. मग त्या बायकाच गेल्या आणि म्हणाल्या, तुमच्या साहेबांना घाला आमच्याबरोबर व्याजाचं गणित! परवाना मिळाला.

पण वेळेच्या अडचणीपेक्षाही मला एक गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते, आणि तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. ती म्हणजे गुपित. तूरडाळीच्या डब्यात पैसे ठेवणाऱ्या बाईला व्याज नको असतं, ते पैसे कुणाला दिसू नयेत एवढंच हवं असतं. मुलीची फी, माहेरी जायचं एसटीचं भाडं, वेळप्रसंगाला औषध. नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीत असे कितीतरी डबे नवऱ्यासमोर उघडावे लागले. (त्यावर तेव्हा विनोदही फिरले. मला काही हसू आलं नाही.)

आता डब्याऐवजी खातं आलं. नाव तिचं, पण फोन घरात एकच आणि तो बहुतेक नवऱ्याच्या खिशात. पैसे जमा झाले की मेसेज त्याला जातो. दारूसाठी हात पसरायला मग उशीर लागत नाही. फॉर्ममधला तो मोबाइल नंबरचा एक रकाना, पण खातं कुणाचं हे खरं तिथेच ठरतं. यूपीआय तर त्या नंबराशिवाय चालतच नाही.

तुमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना विचारून बघा एकदा, खात्याला नंबर कुणाचा जोडलाय. आणि त्यांचा स्वतःचा फोन असेल, तर तो जोडून घ्यायला बँकेत जाण्यासाठी अर्ध्या दिवसाची सुट्टी द्या, पगार न कापता.