मराठवाड्याचा कुळकायदा व एकीकरणाचा प्रश्न

जुने कायदे तपासून त्यांची एक संहिता बांधण्याचें काम आपल्या देशांत इंग्रजी अमलापासून चालत आलें आहे. मुंबई इलाख्यांत १८२७ चें रेग्युलेशन व १८६५ चा मोजणीचा कायदा यांच्या जागीं १८७९ सालीं एकच जमीन महसूल कायदा आला. आमचा मुलूख तेव्हां निजामाच्या राज्यांत; आमचा महसूल कायदा फसली १३१७ चा, म्हणजे सन १९०७ चा. १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला, १९६० सालीं महाराष्ट्र झाला, तरी मुंबईचा, हैदराबादचा व विदर्भांतील मध्यप्रदेशचा असे महसुलाचे तीन कायदे एकाच राज्यांत नांदत होते. १९६६ ची महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १५ ऑगस्ट १९६७ पासून अमलांत आली, तेव्हां कोठें हा घोळ मिटला.

कुळकायद्यास मात्र हें भाग्य लाभलें नाहीं. पश्चिम महाराष्ट्रांत १९४८ चा, आमच्याकडे हैदराबादचा १९५० चा व विदर्भांत १९५८ चा, असे तीन कायदे अद्याप चालू आहेत. गंगापूर तालुक्यांतून गोदावरीचा पूल ओलांडून नेवाशाच्या शिवारांत गेलें कीं कायदा बदलतो; सिल्लोडकडून बुलढाण्याच्या हद्दींत पाय ठेवला कीं पुन्हां बदलतो. २०१२ सालीं कायद्यांच्या नांवांतील 'मुंबई' जाऊन 'महाराष्ट्र' आलें. २०२३ सालीं आमच्या जिल्ह्याचेंही नांव बदललें. आमचा कुळकायदा अजून हैदराबादचाच म्हणवितो. नांवाविषयीं आमची फारशी तक्रार नाहीं. तक्रार आहे ती व्यवहाराविषयीं.

कुळानें कायद्यान्वयें खरेदी केलेली जमीन पुढें विकण्यास निर्बंध आहे. तो निर्बंध पश्चिमेकडे कलम ४३ मध्यें, आमच्याकडे ५०-ब मध्यें, विदर्भांत ५७ मध्यें. खरेदीस दहा वर्षें लोटल्यावर आकाराच्या चाळीस पट रक्कम भरून अशी जमीन पूर्वपरवानगीवांचून विकतां यावी, असें २०१४ सालीं ठरलें. सवलत एकच; पण ती देण्यासाठीं तिन्ही कायदे निरनिराळे उसवावे लागले. वैजापूरच्या शेतकऱ्यास त्याचा येवल्याचा सोयरा कलम ४३ चा दाखला देतो, तो खोटें बोलत नसतो. तें कलम वैजापुरास लागू नसतें एवढेंच. एका कायद्यावरील निकाल दुसऱ्यास कितपत लागू, यावर वकिलांचा वाद होतो व त्या वादाचा खर्च पक्षकाराच्या पदरीं येतो.

तथापि एकीकरणास आमची संमति सरसकट नाहीं. आमच्या कायद्यांतील 'संरक्षित कूळ' ही कांहीं पोकळ संज्ञा नव्हे. फसली १३४२ ते १३५२ या मुदतींत सलग सहा वर्षें जमीन कसणारा, असा तिचा एक निकष कलम ३४ मध्यें आहे; आणि कलम ३८-ई अन्वयें अशा कुळांस ठरल्या तारखेपासून मालकी मिळाली. आमच्या वाचकांपैकीं कित्येकांची मालकी त्यावरच उभी आहे. दुसऱ्या कित्येकांनीं आपली जमीन त्यापायीं सोडली. पुष्कळशा जुन्या नोंदी उर्दूंत आहेत व त्या वाचणारे माणूस दिवसेंदिवस दुर्मिळ होत आहे. नवा कायदा लिहिणारानें फसली साल कालबाह्य म्हणून खोडलें आणि जुने हक्क राखणारें कलम ढिलें ठेवलें, तर सत्तर वर्षांपूर्वीं मिटलेले तंटे पुन्हां उकरले जातील. त्यापेक्षां तीन कायदे परवडले.

म्हणून आमची मागणी अशी कीं, एकत्रित कायद्याचा मसुदा प्रथम मराठींत व्हावा, त्यास तिन्ही कायद्यांच्या जुन्या व नव्या कलमांचा तक्ता जोडावा, आणि तो प्रत्येक तहसील कचेरींत निदान सहा महिने हरकतींसाठीं ठेवावा. ते सहा महिने पेरणी-काढणीच्या घाईंत येऊं नयेत, हेंही पाहावें.