वेदना शमली, व्रणाचे काय?

शोथहर नेत्रबिंदूंविषयी आपल्या व्यवसायात दोन टोकांची मते ऐकू येतात. काहींना ते निरुपद्रवी वाटतात, तर काहींना सर्वस्वी त्याज्य. आम्हांस दोन्ही भूमिका मान्य नाहीत. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर नेत्रतज्ज्ञांच्या देखरेखीखाली या थेंबांची उपयुक्तता निर्विवाद आहे. प्रश्न आहे तो तपासणीविना होणाऱ्या वापराचा.

डायक्लोफिनॅक, किटोरोलॅक यांसारखी द्रव्ये सायक्लोऑक्सिजनेज या विकरास रोखून प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती घटवितात. त्यामुळे वेदना व लाली उतरते. परंतु त्याचबरोबर कॉर्नियाची, म्हणजे आपल्या कृष्णमंडलाची, संवेदना मंदावते आणि त्याच्या पृष्ठभागावरील व्रण भरून येण्यास विलंब लागू शकतो. मधुमेह, ऱ्हुमॅटॉइड संधिवात किंवा नेत्रशुष्कता असलेल्या रुग्णांत क्वचित कॉर्निया विरघळून छिद्र पडण्यापर्यंत मजल जाते. अशाच तक्रारींमुळे १९९९ साली अमेरिकेत डायक्लोफिनॅकचे एक जेनेरिक नेत्रबिंदू बाजारातून मागे घ्यावे लागले होते. अनेक थेंबांतील बेंझाल्कोनियम क्लोराइड हे परिरक्षकही दीर्घ वापराने अश्रूंचा थर बिघडविते. स्टिरॉइडयुक्त थेंबांचा धोका याहून निराळा. ते बुरशीजन्य व्रणास मोकळे रान देतात. दीर्घकाळ वापरल्यास नेत्रदाब वाढतो आणि मोतीबिंदूही होऊ शकतो.

सांगली-साताऱ्याच्या ऊसपट्ट्यात या शेवटच्या मुद्द्यास विशेष महत्त्व आहे. उसाच्या पात्याची धार डोळ्यास लागली की त्या जखमेत बुरशीचा शिरकाव होण्याची भीती असते. अशा डोळ्यात वेदनाशामक थेंब पडले, तर ठणका थांबतो, मजूर पुन्हा फडात उतरतो आणि व्रण मात्र आत वाढत राहतो. वेदना ही डोळ्याची राखणदार आहे. कारण न शोधता तिला गप्प करणे ही चिकित्सा नव्हे.

सुश्रुताचार्यांनी कृष्णगत रोग चार सांगितले असून त्यांत सव्रण शुक्र वेगळा गणला आहे. अभिष्यंद आणि सव्रण शुक्र यांतील भेद ओळखणे हे म्हणूनच आपले आद्य कर्तव्य ठरते. २०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रात डोळ्यांची मोठी साथ आली होती. अशा साथीत लाल डोळा दिसला की साथच, असे गृहीत धरण्याचा मोह होतो. तो टाळला पाहिजे.

वैद्यबंधूंस व औषधविक्रेत्यांस आमची विनंती एवढीच, की थेंब देण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत : डोळ्यास काही लागले आहे काय? दृष्टी अंधुक झाली आहे काय? उजेड सहन होत नाही काय? एकाही प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आल्यास थेंब न देता रुग्णास त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे पाठवावे. फ्लुओरेसिनच्या पट्टीने व निळ्या प्रकाशात व्रण हिरवा उमटतो. ही तपासणी काही मिनिटांचीच आहे. हाच दंडक आपल्या आश्च्योतनास, अंजनास आणि घरगुती मध-गुलाबपाण्यासही लागू करावा. औषध कोणत्या शास्त्राचे, हे व्रणास ठाऊक नसते.