रोपांची गणती, वनांचा विसर

गोदाकाठच्या सायखेड्याला वनांचा हिशेब पुराच्या पाण्यातून कळतो. ऑगस्ट २०१६ आणि ऑगस्ट २०१९ मध्ये गोदामाई निफाड तालुक्यातील या गावात शिरली. पुराचे कारण केवळ वृक्षतोड नव्हे, हे खरे. परंतु उघड्या डोंगरउतारांवरची माती नदीत उतरते आणि सायखेड्याच्या खालच्या अंगाचा नांदूरमध्यमेश्वर बंधारा गाळाने भरला आहे, हेही तितकेच खरे. म्हणूनच ब्रह्मगिरीच्या परिसरात वन खरोखर परतले की नाही, हे विचारण्याचा अधिकार सायखेड्यालाही आहे.

शासन या प्रश्नाला कोटींच्या भाषेत उत्तर देते. २०१७ ते २०१९ या तीन वर्षांत राज्यात ५० कोटी रोपे लावण्याचा संकल्प सोडण्यात आला. सत्तापालटानंतर २०२१ मध्ये त्याच मोहिमेच्या चौकशीसाठी आमदारांची समिती नेमली गेली. वाद रंगला तो लागवडीच्या आकड्यांवर आणि खर्चावर. पाचव्या पावसाळ्यानंतर कोणत्या डोंगरावर किती झाडे उभी आहेत, हे किती ग्रामसभांना सांगितले गेले?

दुसरा आधार भारतीय वन सर्वेक्षणाच्या अहवालाचा. किमान एक हेक्टर जमिनीवर दहा टक्क्यांहून अधिक वृक्षछत्र उपग्रहाला दिसले की ते ‘वनाच्छादन’ ठरते. मालकी वा वृक्षाची जात विचारली जात नाही. आमराई, निलगिरीची लागवड आणि पिढ्यान्‌पिढ्या राखलेली देवराई एकाच बेरजेत! २०२१ च्या अहवालात महाराष्ट्राचे वनाच्छादन दोन वर्षांत २० चौरस किलोमीटरने वाढून ५०,७९८ वर गेले. या वाढीत नैसर्गिक वन किती आणि बागा किती, हे त्या आकड्यावरून कसे कळावे? उपग्रह छत्र पाहतो. छत्राखाली उगवणारे ऐन-हिरड्याचे रोप त्याला दिसत नाही.

ते दिसते राखणाऱ्याला. धुळे जिल्ह्यातील बारीपाड्याच्या वनवासी बांधवांनी चैत्राम पवार यांच्या नेतृत्वाखाली स्वतःच नियम घालून ४०० हेक्टरांहून अधिक जंगल राखले. २०२५ मध्ये पवार यांना पद्मश्री जाहीर झाली, तो या राखणीचा गौरव होय.

असेच मोजमाप सर्वत्र व्हावे. प्रत्येक वनक्षेत्रात कायमचे नमुना-चौकोन आखावेत. दरवर्षी पावसाळा सरताच त्यांतील जाती, नवी रोपे आणि खोडांचा घेर नोंदवावा; मेलेली रोपेही लपवू नयेत. हा हिशेब डोंगरावरच्या आणि नदीकाठच्या ग्रामसभांत वाचला जावा. लावलेल्या रोपांची जाहिरात पुष्कळ झाली. आता जगलेल्या झाडांचा जाब द्यावा लागेल.