गुणपत्रिकेपलीकडची बुद्धी

दहावी-बारावीचे निकाल लागले की मध्यमवर्गीय घरांत दोनच दृश्ये दिसतात. एका घरी पेढे वाटले जातात, तर दुसऱ्या घरी नातेवाइकांचे दूरध्वनीही टाळले जातात. पंचावन्न टक्के मिळवणारा मुलगा त्या दिवसापासून 'बेताच्या बुद्धीचा' ठरतो आणि दुर्दैवाने तो स्वतःही तसेच मानू लागतो. तीन तासांच्या उत्तरपत्रिकेला हा अधिकार दिला कोणी?

ज्याने बुद्धिमापनाची पहिली व्यवहार्य चाचणी तयार केली, त्या आल्फ्रेड बीने या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाने तरी तो दिलेला नाही. १९०५ साली त्याने चाचणी रचली ती शाळेत मागे पडणारी मुले ओळखून त्यांना साहाय्य करता यावे म्हणून. बुद्धी जन्मतःच ठरून गेलेली असते, हे त्याला मान्य नव्हते. पुढे इतरांनी त्यातून बुद्ध्यंकाचा आकडा काढला आणि मदतीचे साधन शिक्का मारण्याचे साधन बनले. १९८३ साली हॉवर्ड गार्डनर यांनी भाषा आणि तर्क यांबरोबरच संगीत, शरीरकौशल्य, माणसांची पारख, आत्मज्ञान अशा अनेक बुद्धी मांडल्या, तेव्हा पाश्चात्त्य जगात मोठी चर्चा झाली.

आपल्या परंपरेला हा विचार नवा नाही. गीतेच्या अठराव्या अध्यायात बुद्धीचे सात्त्विक, राजस आणि तामस असे भेद केले आहेत. तेथे कसोटी पाठांतराची नाही. कार्य कोणते आणि अकार्य कोणते, हे जिला कळते ती बुद्धी श्रेष्ठ. समर्थांनी तर दासबोधात पढतमूर्खाच्या लक्षणांसाठी स्वतंत्र समास योजला. विद्वत्ता आणि शहाणपण एकच नव्हे, हे त्यांना ठाऊक होते.

याचे जिवंत उदाहरण खानदेशात आहे. असोद्यात १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. शेतात आणि घरात राबताना सुचलेल्या त्यांच्या ओव्या इतरांनी टिपून ठेवल्या, म्हणून त्या वाचल्या. २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले. जिने कधी परीक्षा दिली नाही, तिच्या नावाने आज हजारो पदवीधरांना प्रमाणपत्रे मिळतात!

याचा अर्थ गुणांना मोल नाही, असा मुळीच नव्हे. अभ्यासातील सातत्य, शिस्त आणि परिश्रम यांची ती पावती असते. वैद्य वा अभियंता घडवताना विषयाचे ज्ञान तपासावेच लागते. आक्षेप आहे तो एका पावतीलाच सारे संचित समजण्यावर. शिवाय, बहुविध बुद्धीच्या नावानेही बाजार मांडला गेला आहे. बोटांच्या ठशांवरून मुलाची बुद्धी सांगण्याचे दावे शहरोशहरी केले जातात. त्यांना शास्त्रीय आधार नाही. एक शिक्का पुसून दुसरा मारण्याचाच तो प्रकार होय.

पुण्यात १९६२ साली अप्पा पेंडसे यांनी ज्ञान प्रबोधिनी सुरू केली, ती बुद्धिमान मुलांसाठीच. परंतु त्या बुद्धीला त्यांनी समाजाच्या प्रश्नांकडे वळवले. बुद्धी किती आहे, याहून ती कोणाच्या कामी येते, हा प्रश्न मोठा आहे, हीच ती दृष्टी. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही प्रगतिपुस्तकात शिक्षकांबरोबर विद्यार्थ्याचे स्वतःचे आणि सहाध्यायांचे मूल्यमापन असावे, असे सुचवले आहे.

मात्र धोरण घरात शिरत नाही. तेथे आई-वडिलांचाच शब्द चालतो. आजीचे औषधपाणी न सांगता पाहणारी मुलगी, बिघडलेला पंप उघडून दुरुस्त करणारा मुलगा, शाखेवर दहा मुलांना खेळात गुंतवून ठेवणारा किशोर यांची बुद्धी कोणत्याही गुणपत्रिकेत उमटत नाही. ती पाहण्याची आणि तिचे कौतुक करण्याची जबाबदारी कुटुंबाची आहे. यंदा निकाल हाती येईल तेव्हा टक्के विचारण्याआधी मुलाला जेवायला बसवावे. आपली किंमत आकड्यावर ठरत नाही, हे त्याला त्या दिवशीच कळले पाहिजे.