टिकलीचेच वावडे का?

जूनमध्ये शाळा उघडण्याचे दिवस आले की सांगलीच्या कापडपेठेत गणवेशासाठी गर्दी उसळते. श्रीमंताचे मूल असो वा हमालाचे, कापड एकच, रंग एकच. हिंदू समाजाला हे कधीच खटकले नाही. वाळवा तालुक्यातील ऐतवडे बुद्रुक हे ज्यांचे मूळ गाव, त्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीत बसविले. समतेचा तो संस्कार या मातीचाच आहे.

प्रश्न गणवेशाचा नाही. गणवेशाच्या आडून चालणाऱ्या सक्तीचा आहे. रक्षाबंधनाच्या दुसऱ्या दिवशी बहिणीने बांधलेली राखी कात्रीने कापायची, नागपंचमीची मेंदी हातावर दिसली म्हणून मुलीला वर्गाबाहेर उभे करायचे, कपाळावरची टिकली पुसायला लावायची, बांगड्या उतरवायला लावायच्या, असे प्रकार इंग्रजी माध्यमाच्या काही शाळांतून वर्षानुवर्षे घडत आले आहेत. एवढ्याशा टिकलीने कोणती शिस्त मोडते? कोणता धडा शिकवायचा राहतो?

हिजाबाचा विषय निघताच ज्यांना विद्यार्थ्यांचे व्यक्तिस्वातंत्र्य आठवते, ते तथाकथित पुरोगामी टिकली पुसली जाताना मात्र मूग गिळून बसतात. २००२ मध्ये शाळेत डोके झाकण्याचा आग्रह मुंबई उच्च न्यायालयाने अमान्य केला. चेंबूरच्या महाविद्यालयाने हिजाब, बुरखा, टोपी यांना मनाई केली, तीही याच न्यायालयाने २६ जून २०२४ रोजी उचलून धरली. ९ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हिजाब व टोपीपुरती या मनाईला अंतरिम स्थगिती दिली. वर्गात बुरख्याला मात्र परवानगी दिली नाही. त्या वेळी ‘मग टिळ्यावरही बंदी घालणार का?’ अशा आशयाचा प्रश्न न्यायपीठाने विचारला. त्याचे उत्तर सरळ आहे. हिजाब हे वस्त्र आहे. ते चढविले की गणवेशात भर पडते. टिळा, राखी, जानवे, शिखांचे कडे, ख्रिस्ती मुलाच्या गळ्यातील लहानसा क्रूस वा मुसलमान मुलाचा ताईत यांनी गणवेशाचा धागाही हलत नाही. कसोटी ही हवी आणि ती सर्वांना सारखी हवी.

१७ एप्रिल २०२५ रोजी मराठीभाषकांची मोठी वस्ती असलेल्या बिदरमध्ये काय झाले? जानवे काढण्यास नकार देणाऱ्या विद्यार्थ्याला सीईटीचा गणिताचा पेपर देता आला नाही. पुढे संबंधितांवर कारवाई झाली; पण सदऱ्याखालच्या सुती धाग्याची भीती वाटावी, ही मनोवृत्ती कोणत्या कारवाईने जाणार?

सातासमुद्रापार दक्षिण आफ्रिकेत डर्बनच्या एका शाळेने तमिळ हिंदू कुटुंबातील मुलीच्या नाकातील चमकीला हरकत घेतली. ५ ऑक्टोबर २००७ रोजी तेथील घटना न्यायालयाने हा भेदभाव ठरविला. प्रथा धर्माने अनिवार्य केलेली नसली, तरी ती श्रद्धेने पाळणाऱ्याला संरक्षण आहे, असे त्या न्यायालयाने मानले. जे डर्बनला मिळते, ते हिंदूंना हिंदुस्थानात का मिळू नये?

येथे कायद्याची मेख आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने मुलांना शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांपासून संरक्षण दिले. परंतु ६ मे २०१४ च्या निकालाने हा कायदा अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना लागू होत नाही, असे ठरले. म्हणजे हिंदू संस्थेच्या शाळेतील मुलाला जी ढाल आहे, ती अल्पसंख्याक संस्थेच्या शाळेतील मुलाला नाही. मग ते मूल हिंदू असो वा अन्य कोणी. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्याच दोन न्यायमूर्तींनी त्या निकालाविषयी शंका व्यक्त करून तो फेरविचारासाठी पुढे पाठविला. महाराष्ट्र शासनाने तेथे मुलांच्या बाजूने ठामपणे उभे राहिले पाहिजे.

आणि पालकांनी? प्रवेश मिळावा म्हणून भरमसाट शुल्क भरायचे आणि लेकीची टिकली पुसली गेली की ‘जाऊ दे, शाळेशी वैर नको’ म्हणायचे, हा भित्रेपणा प्रथम सोडावा. प्रवेशाच्या वेळीच नियम लेखी मागावेत. पालक-शिक्षक संघाच्या सभेत प्रश्न विचारावा. एकट्याने नव्हे, दहा जणांनी मिळून मुख्याध्यापकांना शांतपणे भेटावे, उत्तर न मिळाल्यास शिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करावी. आपल्या कपाळाची लाज बाळगायला शिकलेले मूल उद्या कशाचा अभिमान बाळगणार?