परीक्षेत एक बिघडलेली फाइलही द्या

प्रति,
मा. संचालक,
व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालय, महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : आरेखक (स्थापत्य) व्यवसायाच्या विद्यार्थ्यांना आराखड्याच्या सॉफ्टवेअरमधले बिघाड शोधायला शिकवण्याबाबत.



मी छत्रपती संभाजीनगरात घरांचे प्लॅन काढून देतो. गारखेड्यात दहा बाय बाराचं ऑफिस, दोन संगणक, एक प्रिंटर आणि दारात चपलांचा ढीग. शिकलो तेव्हा ड्रॉइंग बोर्ड आणि टी-स्क्वेअर होता. ट्रेसिंग पेपरवर शाईची रेघ चुकली की ब्लेडने हलक्या हाताने खरवडायची. चूक डोळ्यांसमोर असायची, तिला लपायला जागाच नव्हती. आता ती फाइलच्या पोटात लपते. म्हणून हे पत्र.

माझ्याकडे आयटीआयमधून नुकताच पास झालेला एक मुलगा कामाला आहे. हात वेगवान, डोकं तल्लख. एका दुपारी तो घामाघूम होऊन म्हणाला, “सर, घर गायब झालं. सॉफ्टवेअर खराब झालंय.” दोन तासांत त्याने ते सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलंही होतं. मी खुर्ची ओढून बसलो आणि फाइलमधलं सगळं पडद्यावर आणणारी झूम एक्स्टेंट्स ही आज्ञा दिली. पडदाभर एक सोफा पसरला. त्याच्या पोटात लहानसं काहीतरी दिसत होतं. ते घर होतं.

झालं एवढंच होतं, की सोफ्याचा ब्लॉक, म्हणजे तयार चित्र, मिलिमीटरमध्ये काढलेला होता आणि प्लॅन इंचांत. १८०० मिलिमीटरचा सोफा १८०० इंचांचा झाला. म्हणजे १५० फुटांचा, वीस बाय तीसच्या प्लॉटवर! युनिट्स जुळवले आणि सोफा निमूटपणे हॉलच्या कोपऱ्यात जाऊन बसला. मिनिटभराचं काम होतं. दोन तास गेले, कारण “आधी काय तपासायचं?” हा प्रश्न त्याच्या मनात आलाच नाही.

आपण मोटर मेकॅनिकच्या मुलाला बंद पडलेलं इंजिन देता आणि दोष शोधायला सांगता. इलेक्ट्रिशियनच्या मुलाला फॉल्ट कुठे आहे ते काढायला लावता. त्या व्यवसायांत दुरुस्ती हाच निम्मा अभ्यास असतो. मग आरेखकाच्या हातात नेहमी कोरी, निरोगी फाइलच का यावी? माझी मुख्य मागणी ही आहे : प्रात्यक्षिक परीक्षेत एक मुद्दाम बिघडवलेली फाइल द्या.

कशा प्रकारचे बिघाड, ते आमच्या शहरातल्या रोजच्या कामातून सांगतो.

पहिला मापांचा. आमच्याकडे जमीन गुंठ्यात विकली जाते, एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. प्लॉट फुटांत बोलला जातो, वीट इंचांत, फरशी मिलिमीटरमध्ये, वाळू ब्रासमध्ये. आणि डिसेंबर २०२० मध्ये राज्यातल्या बहुतेक शहरांसाठी एकत्रित बांधकाम नियमावली आली, ती मीटरमध्ये. एका घराच्या कागदांत इतकी मापं फिरतात. इंच आणि मिलिमीटर यांच्यात २५.४ पटींचा फरक आहे. एखादी वस्तू पंचवीसपट मोठी किंवा पंचवीसपट लहान दिसली, की डोळे मिटून युनिट्स तपासावेत. हे एक वाक्य कार्यशाळेच्या भिंतीवर रंगवून ठेवलं तरी पुष्कळ काम होईल.

दुसरा बिघाड भिंतीच्या जाडीचा. हल्ली घरमालक मोबाइलवरच प्लॅन करून आणतात. वीस फुटांत दहा फुटांच्या दोन खोल्या अगदी छान बसवलेल्या असतात, कारण भिंती म्हणजे नुसत्या रेघा. बाहेरच्या दोन नऊ इंची भिंती आणि मधली साडेचार इंची धरली, तर प्लास्टर करण्याआधीच आत १८ फूट दीड इंच उरतात. पलंग आणि कपाट दोन्ही घेतलेल्या माणसाला ते समजावताना जीव जातो. सॉफ्टवेअरमध्ये भिंत काढताना तिची मापरेघ मध्यावर आहे की कडेवर, हे ठरवावं लागतं. मध्यावर ठेवून प्लॉटच्या हद्दीवर भिंत ओढली, तर निम्मी भिंत, म्हणजे साडेचार इंच, शेजाऱ्याच्या जागेत जाते. पडद्यावर सगळं व्यवस्थित दिसतं. भांडण लाइनआउटच्या, म्हणजे जागेवर भिंतींची आखणी करण्याच्या, दिवशी सुरू होतं.

तिसरा बिघाड न मिटणाऱ्या कोपऱ्याचा. आमचं शहर गुंठेवारीचं. २००१ च्या गुंठेवारी कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली आणि ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं नियमित होण्याची वाट मोकळी झाली. त्यासाठी उभ्या घरांचे प्लॅन काढावे लागतात. या घरांना काटकोन माहीत नसतो. पुढून वीस फूट, मागून एकोणीस फूट सात इंच. मुलगा सॉफ्टवेअरमधला ऑर्थो, म्हणजे फक्त काटकोनात रेघ ओढू देणारी सोय, चालू ठेवून चारही भिंती सरळ ओढतो आणि शेवटची रेघ पहिलीला जाऊन भिडत नाही. मग तो ती भिडल्यासारखी दाखवतो. नुसत्या डोळ्याला फट दिसत नाही, पण हॅच भरत नाही, क्षेत्रफळ येत नाही, त्रिमितीत फरशी तयार होत नाही. पोरं सॉफ्टवेअरला शिव्या घालतात. वास्तविक ते सॉफ्टवेअर खरं बोलत असतं : बाबा, तुझी खोली बंदच नाही.

यावरचा उपाय आमच्या गवंड्यांना पूर्वीपासून ठाऊक आहे. चार बाजूंवर ते कधीच विश्वासत नाहीत, दोन्ही कर्ण मोजतात. कर्ण हाती असला, की प्लॉटचे दोन त्रिकोण होतात आणि त्रिकोण खोटं बोलू शकत नाही. मुलांनी जागेवर टेप धरतानाच कर्ण घेतला, तर संगणकावरचा निम्मा त्रास तिथेच संपतो.

चौथा बिघाड मला स्वतःला कळायला फार वेळ लागला. मोजणी करणारा आता उपग्रहावर चालणाऱ्या यंत्राने प्लॉटचे कोपरे देतो. यूटीएम पद्धतीत आपलं शहर ४३व्या पट्ट्यात येतं. तिथे आपल्या प्लॉटचा पूर्वेचा आकडा सुमारे ५ लाख ३५ हजार मीटर असतो आणि उत्तरेचा सुमारे २२ लाख मीटर, कारण तो थेट विषुववृत्तापासून मोजलेला. ती फाइल त्रिमितीच्या प्रोग्रॅममध्ये नेली की भिंती थरथरतात, कडा तुटतात, फिरवताना घराला चिरा पडतात. मुलगा म्हणतो, ग्राफिक्स कार्ड गेलं. कार्ड शाबूत असतं. पडद्यावर चित्र उमटवताना पुष्कळ प्रोग्रॅम ३२ बिटांचे आकडे वापरतात, त्यांत जेमतेम सात अंक मावतात. बावीस लाखांच्या आसपास लागोपाठच्या दोन आकड्यांमध्ये २५ सेंटिमीटरचं अंतर पडतं. आपली नऊ इंची भिंत २३ सेंटिमीटरची. तिची आतली आणि बाहेरची कड एकाच आकड्यावर जाऊन बसू शकते. मग भिंत थरथरेल नाही तर काय करेल? घर शून्याजवळ सरकवायचं, किती सरकवलं ते कोपऱ्यात लिहून ठेवायचं, काम झालं की परत जागेवर न्यायचं. बाजारात धावून नवीन कार्ड आणायचं नाही.

पाचवा सूर्याचा. स्केचअप हे सॉफ्टवेअर अमेरिकेतल्या बोल्डर गावी जन्मलं, साधारण ४० अंश उत्तरेला. गाव बदलून सांगितलं नाही, तर त्याच्या कित्येक आवृत्त्यांत नव्या फाइलवर त्याच गावचं ऊन पडतं. तिथे दुपारचा सूर्य बारा महिने दक्षिणेला असतो. आपण २० अंशांच्या जरा खाली. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात एके दुपारी आपली सावली पायाखाली जाते आणि तिथून जुलैच्या चौथ्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. बोल्डरच्या उन्हात पाहून उत्तरेच्या खिडकीवरचा छज्जा कमी केला, तर ऐन जूनमध्ये खोलीतल्या माणसांना त्याचा हिशेब चुकवावा लागतो. इथे फाइल बिघडलेली नसते, चित्र तर सुरेखच असतं. फक्त ते दुसऱ्याच गावाचं असतं.

वस्तूंच्या तयार संग्रहाचंही तसंच आहे. शेकोटीचे नाना प्रकार मिळतात, पण जमिनीखालचा हौद मिळत नाही. ज्या शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं, तिथे घराचा विचारच हौदापासून सुरू होतो. मुलांना स्वतःचे ब्लॉक बनवायला लावा : हौद, कपडे धुण्याची मोरी, देवघर, तुळशीवृंदावन. स्वतः बनवलं की युनिट्स आपोआप शिकतात.

आणि आपली भाषा. श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये “स्वयंपाकघर” लिहिलं आणि दुसऱ्या संगणकावर तो फाँट नसला, की तिथे रोमन अक्षरांचा चिवडा दिसतो. युनिकोडने हे संकट बरंच टळतं, तरी काही प्रोग्रॅम जोडाक्षरं फोडतात आणि पहिली वेलांटी अक्षराच्या पलीकडे टाकतात. काम सुरू करण्याआधी एका कोपऱ्यात “मिस्त्री” लिहून पाहावं. तो नीट उभा राहिला, तर बाकीचेही राहतात.

हे सगळे बिघाड पाठ करावेत, असं मी म्हणत नाही. सॉफ्टवेअर दर वर्षी बदलतं, बिघाडही बदलतात. शिकवायची ती विचारण्याची रीत. हीच फाइल दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिली का? याच संगणकावर कोरी फाइल उघडून पाहिली का? कोरी फाइलही अडखळली, तर दोष यंत्रात किंवा प्रोग्रॅममध्ये. फक्त ही एकच अडखळली, तर दोष फाइलमध्ये. मग फाइलची प्रत काढायची आणि प्रतीतला निम्मा भाग पुसायचा. बिघाड गेला? मग तो पुसलेल्या भागात होता. नाही गेला? मग उरलेल्यात आहे. हजार वस्तूंची फाइल असली, तरी दहा वेळा निम्मं केलं की गुन्हेगार एकटा उरतो. यात कुठेही हुशारी लागत नाही, धीर लागतो. आणि धीर शिकवता येतो.

वीज गेली, फाइल उघडेना, तर रडण्याआधी शेजारची .बॅक फाइल शोधावी. ऑटोकॅडची दर दहा मिनिटांची आपोआप साठवण कुठे होते, ते आधीच पाहून ठेवावं. पर्ज, ऑडिट, रिकव्हर या तीन आज्ञा हाताशी असाव्यात. एवढं एका तासात होतं.

अभ्यासक्रम केंद्राकडून येतो, याची मला कल्पना आहे. पण कार्यशाळेतला दिवस कसा घालवायचा, हे बरंचसं आपल्या आणि आपल्या शिल्पनिदेशकांच्या हातात आहे. म्हणून तीनच गोष्टी सुचवतो. पहिलं, अभ्यासक्रमाच्या दोन वर्षांत प्रत्येक मुलाने एक बिघाडवही ठेवावी : काय दिसलं, काय तपासलं, दोष कुठे निघाला. दुसरं, एक दिवस मुलांना लाइनआउटवर पाठवावं. गवंडी ओळंबा सोडतो, गुण्या लावतो, दोरी ताणतो आणि प्रत्येक थराला स्वतःवरच संशय घेतो, हे त्यांनी पाहावं. संगणकावर बसणाऱ्याला नेमका तोच संशय हवा आहे. आणि तिसरं ते परीक्षेचं, वर लिहिलेलंच.

कागदावर चुकलेली रेघ खरवडता येते, पडद्यावरची एका कळीने पुसता येते. पण वीस बाय तीसवर आयुष्याची कमाई लावणाऱ्या माणसाची चुकलेली भिंत घण लावूनच पाडावी लागते, आणि त्या घणाचे पैसेही त्यालाच मोजावे लागतात.

त्या सोफ्याची फाइल मी पुसलेली नाही. घरमालकाचं नाव-गाव काढून तिची एक प्रत वेगळी ठेवली आहे. आपण म्हणाल त्या दिवशी पाठवतो. पहिल्या प्रश्नपत्रिकेला उपयोगी पडेल. उत्तर माझ्याकडच्या मुलाला विचारू नका. आता तो पडद्याकडे बघायच्या आधीच सांगतो, “युनिट्स बघा.”

आपला,
गारखेड्यातला एक आरेखक
छत्रपती संभाजीनगर