आधी दादीचे गुडघे, मग नकाशा

उन्हाळ्याच्या सुट्टीत आपल्यातील अनेक कुटुंबे परदेशी असलेल्या मुलांकडे, लेकी-जावयांकडे जातात. पहिला आठवडा गाठीभेटी आणि दावतींत जातो. मग प्रश्न पडतो, आता रोज करायचे काय? बागांची आणि संग्रहालयांची तिकिटे सहा-सात माणसांच्या कुटुंबाला परवडत नाहीत. मुले फोन घेऊन कोपऱ्यात बसतात. अशा वेळी तिकडची नातवंडे हमखास एक खेळ सुचवतात, जिओकॅशिंग. यातली ‘कॅश’ म्हणजे रोकड नव्हे, लपवून ठेवलेला डबा. त्याचे अक्षांश-रेखांश जाहीर केलेले असतात. फोनमधल्या जीपीएसच्या मदतीने तिथवर जायचे, डबा शोधायचा, आतल्या वहीत नाव-तारीख लिहायची आणि डबा होता तसा परत ठेवायचा. खेळ एवढाच.

याची सुरुवात अमेरिकेत झाली. जीपीएसच्या संकेतांत सामान्य लोकांसाठी मुद्दाम चूक मिसळलेली असे, त्यामुळे जागा सुमारे १०० मीटर इकडे-तिकडे दिसे. २ मे २००० रोजी ही अडचण सरकारने दूर केली. दुसऱ्याच दिवशी ओरेगन राज्यात बीव्हरक्रीकजवळच्या झाडीत डेव्ह अल्मर यांनी काही वस्तू घातलेली एक बादली ठेवली आणि तिचे ठिकाण इंटरनेटवर जाहीर केले. तीन दिवसांत दोघांनी ती शोधलीही. आज जगभरात असे तीस लाखांहून अधिक डबे आहेत.

अक्षांश-रेखांशांचे हे वेड आपल्याला परके वाटायचे कारण नाही. सुमारे हजार वर्षांपूर्वी अल-बिरूनी यांनी ठिकाणांचे अक्षांश-रेखांश कसे काढावेत यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. गझनी शहरातून किब्ल्याची दिशा अचूक ठरवावी, हा त्यामागचा एक मोठा हेतू होता. नातवंडांना हे जरूर सांगा. फोनवरचा किब्ला दाखवणारा बाण आणि डब्याकडे नेणारा बाण एकाच इल्मवर चालतात.

आता मुद्द्याची गोष्ट. बरीच कुटुंबे घराबाहेर पडल्यावर फोन उघडतात, सर्वांत जवळचा डबा निवडतात आणि निघतात. तो डबा नेमका चिखलाच्या उतारावर, कुंपणापलीकडे किंवा ओढ्याच्या काठी असतो. तरुण मुले धावत जातात, सून तान्ह्या बाळाची गाडी घेऊन रस्त्यावर उभी राहते, आणि दादी मोटारीत बसून राहते. घरी आल्यावर सगळे म्हणतात, छान झाली सहल. दादी काही बोलत नाही. पुढच्या वेळी ती घरीच राहते, म्हणते, “तुम्ही जाऊन या.”

जमातीची नमाज पढवणाऱ्याने मागे उभ्या असलेल्या वृद्ध, आजारी आणि अशक्त माणसांचा विचार करून नमाज लांबवू नये, ही शिकवण आपल्याला ठाऊक आहे. सहल आखणाऱ्यालाही हीच कसोटी लावावी. सोबत येणाऱ्यांत सर्वांत अशक्त कोण, ते आधी ठरवायचे आणि यादी तिथून सुरू करायची. या खेळात तशी यादी घरी बसून काढता येते. या खेळाच्या मुख्य संकेतस्थळावर पैसे भरून सभासद झालेल्यांना ‘पॉकेट क्वेरी’ नावाची सोय मिळते. आपण अटी घालायच्या, त्या अटींत बसणाऱ्या डब्यांची फाइल तयार होते आणि ती उतरवून फोनमध्ये ठेवता येते. एका यादीत जास्तीत जास्त १००० डबे येतात. घरातल्या एकाचे सभासदत्व पुरते.

अटी घालताना पुढचा क्रम ठेवावा.

पहिली अट वाटेची. प्रत्येक डब्याला वाटेच्या अवघडपणाचे १ ते ५ असे अंक दिलेले असतात, मध्ये अर्धा-अर्धा अंकही असतो. १ म्हणजे चाकांच्या खुर्चीनेही जाता येईल अशी जागा. ५ म्हणजे दोर किंवा होडीसारखे खास सामान लागणारी जागा. दादीचे गुडघे दुखत असतील, तर १ किंवा फार तर दीड. हा आकडा घरातल्या सर्वांत धडधाकट मुलाला विचारून ठरवू नये.

दुसरी अट शोधण्याच्या अवघडपणाची. तीही १ ते ५. लहान मुले सोबत असतील तर २ च्या पुढे जाऊ नये. अर्धा तास शोधूनही काही सापडले नाही की मुले कंटाळतात.

तिसरी अट आकाराची. काही डबे बोटाच्या पेराएवढे असतात, त्यांत फक्त कागदाची गुंडाळी मावते. मुलांना खेळणी बदलायची हौस असते, म्हणून ‘लहान’ आणि त्याहून मोठे आकार निवडावेत.

चौथी अट सोयींची. मोटार लावायला जागा, पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह, बाळाची गाडी नेता येईल अशी वाट, यांच्या खुणा प्रत्येक डब्यापुढे असतात आणि त्यांवरून यादी गाळता येते. वजूचा आणि लहान मुलांचा प्रश्न इथेच सुटतो. गोचिडी, विषारी झुडपे, धोक्याची जागा अशा खुणा असलेले डबे वगळताही येतात.

शेवटी अंतर. नातेवाइकांच्या घरापासून किती किलोमीटरच्या आत, ते लिहायचे. दूरच्या गावी लग्नाला निघाला असाल, तर प्रवासाच्या रस्त्यालगतचे डबेही मागता येतात. पाय मोकळे करायला थांबायचेच असते, ते अशा जागी थांबावे.

एवढ्या अटी घातल्या की शेकडो डब्यांतून वीस-पंचवीस उरतात. त्यांतले पाच-सहाच निवडावेत. एका डब्यामागे मोटार लावणे, चालणे, शोधणे आणि वहीत लिहिणे धरून अर्धा तास सहज जातो. तीन डबे, मग जोहर आणि जेवण, मग दोन डबे आणि परत, एवढे एका दिवसाला पुष्कळ झाले. जूनमध्ये इंग्लंडात मगरीब रात्री साडेनऊच्या आसपास होते, म्हणून उजेड आहे तोवर फिरत राहण्याचा मोह होतो. पण मुलांची झोप आणि दादीचे औषध घड्याळाप्रमाणे चालते. नमाजासाठी थांबायची जागाही आदल्या दिवशी नकाशावर पाहून ठेवावी.

फाइल उतरवल्यावर तीन गोष्टी तपासाव्यात. एक, शोधून गेलेल्यांच्या अलीकडच्या पाच नोंदी फाइलमध्ये येतात. शेवटचे दोघे-तिघे ‘सापडला नाही’ म्हणत असतील, तर तो डबा सोडून द्यावा. दोन, यादी आदल्या रात्री नव्याने काढावी. डबे हरवतात, बंद होतात, पण महिन्यापूर्वीच्या फाइलला ते कळत नाही. तीन, आकडे हाताने लिहिणार असाल तर जपून. इथे अंश आणि दशांश मिनिटे लिहितात. ३०.२५० मिनिटे म्हणजे ३० मिनिटे १५ सेकंद. कोणी ते ३० मिनिटे २५ सेकंद असे वाचले, तर तुम्ही सुमारे ३०० मीटर भलतीकडे उभे राहाल. यादी फोनमध्ये उतरवलेली असली की रानात नेटवर्क नसले तरी काम अडत नाही.

आता एक नाजूक गोष्ट, पण ती बोललीच पाहिजे. दाढीवाले चाचा आणि हिजाबातल्या दोन मुली बाकाखाली वाकून काहीतरी शोधत आहेत, हे दृश्य पाहणाऱ्याला खेळ वाटेलच असे नाही. २०११ साली इंग्लंडमधील वेदरबी गावात लपवलेला असाच एक छोटा डबा संशयास्पद वाटला आणि बॉम्बनाशक पथकाने तो स्फोट करून उडवला. म्हणून बाजारपेठेतले डबे यादीतून वगळावेत, बागा आणि रानवाटा निवडाव्यात. चोरून-लपून शोधू नये. कोणी पाहत असेल तर सलाम-दुआ करावी, फोनवरचे पान दाखवावे, हवे तर त्यांच्या मुलांनाही शोधायला बोलवावे. कोणी अधिकारी विचारू लागला तर शांतपणे तेच पान पुढे करावे. ज्या डब्यावर खेळाची काहीच खूण नाही, त्याला हात लावू नये. घाबरून घरी बसण्यापेक्षा ही तयारी बरी. बागेवर आपल्या मुलांचाही हक्क आहे.

डबा सापडला की तो अमानत आहे. एक वस्तू उचलली तर तिच्या तोडीची किंवा त्याहून चांगली वस्तू आत ठेवायची, असा या खेळाचा रिवाज आहे. खाण्याचे पदार्थ, दारू, धारदार वस्तू डब्यात ठेवायला मनाई आहे. झाकण घट्ट लावून, पाणी शिरणार नाही असे पाहून, डबा जिथे होता तिथेच ठेवावा. ज्याने तो ठेवला त्याला आपण कधी भेटणार नाही, आपल्यानंतर येणारा आपल्याला ओळखत नाही. कोणी पाहत नसताना दुसऱ्याची वस्तू नीट परत ठेवणे, हे मुलांना घरात बसून शिकवणे अवघड. इथे ते दिवसातून पाच वेळा घडते.

आणि वहीत नाव लिहायची वेळ आली की पेन आधी दादीच्या हातात द्यावे. ती मराठीत लिहील, उर्दूत लिहील किंवा नुसती तारीख घालील. तिथवर ती स्वतः चालत आली, याची ती नोंद असेल.